गेम प्रोग्रामिंगचे संदर्भ शोधायचे कुठे?

पत्राचा सारांश: नाशिकमधील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने हे पत्र लिहिले आहे. तिच्या गटाला बीईच्या प्रोजेक्टसाठी एक गेम करायचा आहे. सिंहस्थातील पर्वणीच्या दिवशी घाटावरच्या गर्दीत हरवलेले मूल खेळणाऱ्याने शोधून आईपर्यंत पोहोचवायचे, अशी त्याची कल्पना आहे. गर्दीतील शेकडो पात्रे एकमेकांना न धडकता चालली पाहिजेत, हा त्यातील अवघड भाग. गाईड सर म्हणतात, की गेम हा संशोधनाचा विषय नव्हे; तरीही करायचाच असेल तर आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचा एक बेस पेपर (ज्यावर प्रोजेक्ट उभा करायचा तो मुख्य पेपर) आणि लिटरेचर सर्व्हेसाठी निदान पंधरा पेपर आणा. ‘व्हिडिओ गेम डेव्हलपमेंट’ असे शोधले की व्यसनाविषयीचे लेख मिळतात, आणि उपयोगाचा वाटणारा पेपर उघडायला गेले की डॉलर मागितले जातात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या विषयावर पुस्तक नाही. मैत्रीण पुण्यात जाऊन महागडा कोर्स करायला सांगते, तर घरचे म्हणतात, की वर्गातील इतर गटांप्रमाणे द्राक्षाच्या पानांवरचे रोग ओळखणारे मॉडेल करून मोकळी हो. ‘नाशिकमध्ये राहून हा विषय होण्यासारखाच नाही का?’ असे तिने विचारले आहे.

तुमच्या प्रश्नातील ‘नाशिकमध्ये राहून’ हे शब्द आधी बाजूला ठेवू या, कारण ही अडचण गावामुळे आलेली नाही. तुम्ही शोधासाठी जे शब्द वापरलेत तेच पुण्यात किंवा मुंबईत बसून वापरले असते, तरी हेच हाती लागले असते. ‘व्हिडिओ गेम’ या शब्दांनी जे लेखन सापडते ते बहुतांशी गेम खेळणाऱ्यांविषयीचे असते: मुलांवर होणारा परिणाम, व्यसन, शिक्षणातील उपयोग. गेम तयार करणाऱ्या प्रोग्रामरपुढे जे प्रश्न येतात त्यांवरचे संशोधन त्या त्या प्रश्नाच्या नावाने नोंदलेले असते, आणि तो प्रश्न गेमवाल्यांच्या आधी पुष्कळदा दुसऱ्याच कुणाला पडलेला असतो.

याचे ठळक उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी ए-स्टार ही वाट शोधण्याची रीत १९६८ साली आयईईईच्या नियतकालिकात मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील शेकी नावाचा रोबो होता, गेम नव्हता. गेममधील पात्रांना वाट दाखवण्यासाठी आज ही रीत आणि तिची भावंडे सर्रास वापरली जातात, पण मूळ पेपरच्या शीर्षकात ‘गेम’ हा शब्द नाही. म्हणजे सरांनी मागितलेला आयईईईचा शिक्का आणि तुम्हाला हवा असलेला विषय यांत विरोध नाही. तुमची त्या लेखनाशी गाठ पडलेली नाही, एवढेच.

तुमच्या पत्रावरून मला प्रश्न असा दिसतो: अनेक पात्रे एकाच वेळी आपापल्या ठिकाणाकडे निघालेली असताना, कोणाशी काही न ठरवता प्रत्येकाने शेजारच्याशी होणारी टक्कर कशी टाळावी? संशोधनात यासाठी ‘क्राउड सिम्युलेशन’, ‘मल्टी-एजंट नेव्हिगेशन’ आणि ‘लोकल कोलिजन अव्हॉइडन्स’ ही नावे रूढ आहेत. शोधाच्या चौकटीत ही नावे टाकलीत, तर पंधरा पेपर मिळतील का ही चिंता संपेल आणि पंधरा कोणते निवडावेत ही सुरू होईल.

त्या निवडीसाठी एक धागा देतो. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली सिग्राफ या संगणक ग्राफिक्सच्या परिषदेत पक्ष्यांच्या थव्यावरचा पेपर मांडला. प्रत्येक पक्षी फार जवळ आलेल्यापासून दूर सरकतो, शेजाऱ्यांच्या दिशेशी आपली दिशा जुळवतो आणि त्यांच्या मध्याकडे ओढला जातो. एवढ्या तीन नियमांतून, कोणी पुढारी नसताना, थवा तयार होतो असे त्यांनी दाखवले. याच रेनॉल्ड्स यांचा १९९९ सालचा ‘स्टिअरिंग बिहेविअर्स’वरचा पेपर गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वाचला गेला आणि तो थेट गेमच्या प्रोग्रामरांसाठी आहे. मधल्या काळात, १९९५ साली, डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी पादचाऱ्यांवर जणू बले काम करतात असे धरून ‘सोशल फोर्स’ मॉडेल मांडले, आणि ते ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले. १९९८ साली पाओलो फिओरिनी आणि झ्वी शिलर यांनी रोबोंसाठी ‘व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल’ ही कल्पना विस्ताराने मांडली: कोणकोणत्या वेगाने गेल्यास पुढे टक्कर होईल ते सगळे वेग आधीच वर्ज्य करायचे आणि उरलेल्यांतून एक निवडायचा.

ही शेवटची कल्पना गर्दीतील प्रत्येक पात्राला दिली की एक खोड दिसू लागते. जुन्या नाशिकमधल्या अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकदमच बाजूला होतात, वाट मोकळी झाली असे वाटून दोघेही एकदमच पुन्हा सरळ वाटेवर येतात आणि परत समोरासमोर ठाकतात. पडद्यावरची पात्रे हेच सेकंदाला अनेकदा करतात आणि त्यामुळे थरथरताना दिसतात. यावर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील यूर व्हॅन डेन बर्ग, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी २००८ साली उपाय सुचवला, की टक्कर टाळण्याची जबाबदारी दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि समोरचाही तेच करतो आहे असे धरून चालावे. ‘रेसिप्रोकल व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल्स’ या नावाचा हा पेपर आयईईईच्या रोबोटिक्स परिषदेतला आहे, आणि माझ्या मते तुमचा बेस पेपर हाच असावा. (नाशिकचे रमेश रासकर यांची संगणक ग्राफिक्समधील पीएच.डी. याच विद्यापीठाची आहे, हे तुमच्या गटाला सांगायला हरकत नाही.) या पेपरच्या शेवटी असलेली संदर्भयादी तुम्हाला मागच्या कामांकडे नेईल, आणि गूगल स्कॉलरवर त्याच्या नावाखाली दिसणारा ‘साइटेड बाय’ हा दुवा त्यानंतर झालेल्या कामांकडे आणेल. नव्या शब्दांनी पुन्हा पुन्हा शोधत राहण्यापेक्षा एका चांगल्या पेपरवरून मागे-पुढे जाणे कितीतरी फलदायी असते, आणि हे गेमच नव्हे तर कोणत्याही विषयाला लागू आहे.

आता डॉलरचा प्रश्न. प्रकाशकाच्या पानावर किंमत दिसली म्हणजे पेपर विकतच घ्यावा लागतो, असे नसते. गूगल स्कॉलरवर प्रत्येक नोंदीखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असा दुवा असतो; तेथे लेखकाने स्वतःच्या किंवा विद्यापीठाच्या पानावर ठेवलेली प्रत बहुधा मिळते. रेनॉल्ड्स यांचे दोन्ही पेपर त्यांच्या स्वतःच्या पानावर आहेत, हेल्बिंग आणि मोल्नार यांचा अर्काइव्ह या पेपरांच्या मोफत ऑनलाइन संग्रहावर आहे आणि २००८ चा पेपर चॅपेल हिलच्या संशोधक गटाच्या पानावर आहे. सिग्राफ भरवणाऱ्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने १९५१ ते २००० या काळातील आपले लेखन एप्रिल २०२२ पासून सर्वांना खुले केले आहे, त्यामुळे १९८७ सालचे सिग्राफ तेथेही वाचता येते. अनपेवॉल नावाची छोटी जोडणी ब्राउझरमध्ये बसवली, तर कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास ती आपोआप दाखवली जाते. एवढे करूनही एखादा पेपर मिळालाच नाही, तर लेखकाला चार ओळींची ईमेल करा: आपण कोण, कोणता पेपर, कशासाठी हवा आणि त्यातील कोणता भाग आपल्या कामाशी जोडलेला आहे. विद्यार्थ्याने नेमके कारण देऊन मागितलेली प्रत पाठवायला लेखक सहसा खळखळ करत नाहीत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेविषयी तुम्ही ऐकले असेल. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तिच्याद्वारे वाचता येतात आणि त्यांत आयईईईही आहे. परंतु ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या खासगी महाविद्यालयाला तिचा लाभ नाही. हे सदर वाचणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या किंवा सरकारी संस्थेतील विद्यार्थ्यांनी मात्र आपल्या ग्रंथालयात याची चौकशी अवश्य करावी. तुम्ही तुमच्या ग्रंथपालांना भेटून महाविद्यालयाने कशाचे सभासदत्व घेतले आहे ते विचारा. ‘पुस्तक नाही’ हे तुम्ही कपाट पाहून म्हणत आहात. आयईईईचा संग्रह किंवा डेलनेटसारखी आंतरग्रंथालयीन सेवा यांचे पैसे संस्था भरते आणि लॉगिन कुणी मागितलेलेच नसते, असे अनेक महाविद्यालयांत घडते.

मात्र पेपर म्हणजेच संशोधन, या समजुतीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण गेम प्रोग्रामिंगमध्ये ती विशेष अपुरी पडते. या क्षेत्रातील पुष्कळसे ज्ञान पेपरमध्ये आलेलेच नाही. स्टुडिओत काम करणारी माणसे ते परिषदांतील भाषणांत सांगतात, लेखांत लिहितात आणि सर्वांत जास्त आपल्या कोडमध्ये ठेवून जातात. १९८८ पासून भरत आलेल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधील अनेक भाषणे ‘जीडीसी व्हॉल्ट’वर आणि यूट्यूबवर विनामूल्य आहेत. रॉबर्ट निस्ट्रम यांचे ‘गेम प्रोग्रामिंग पॅटर्न्स’ हे पुस्तक लेखकानेच इंटरनेटवर संपूर्ण वाचायला ठेवले आहे. स्टीव्ह रेबिन यांनी संपादित केलेल्या ‘गेम एआय प्रो’ मालिकेतील प्रकरणे मोफत उतरवून घेता येतात. जॉर्जिओस यान्नाकाकिस आणि ज्युलियन टोगेलियस यांचे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड गेम्स’ही तसेच मिळते. ग्रंथालयात नसलेली तीन पुस्तके तुमच्यापाशी ही अशी आली.

कोडची गोष्ट तर तुमच्या प्रोजेक्टच्या अगदी मर्माशी आहे. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुले आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर त्याच्या कोडमधील ‘थर्डपार्टी’ हे फोल्डर उघडा. तेथे ‘आरव्हीओ२’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दिसेल; ‘आरव्हीओ’ ही ‘रेसिप्रोकल व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल्स’ची आद्याक्षरे. २००८ च्या पेपरची पुढची, सुधारलेली पायरी तीत आहे आणि ती त्याच चॅपेल हिलच्या गटाने लिहिलेली आहे. गोडोमध्ये पात्राला नेव्हिगेशन एजंट जोडून टक्कर टाळण्याची सोय सुरू केली, की त्रिज्या, कमाल वेग, किती अंतरापर्यंतचे शेजारी पाहायचे, जास्तीत जास्त किती शेजारी विचारात घ्यायचे आणि ‘टाइम होरायझन’, म्हणजे किती सेकंद पुढची टक्कर आताच टाळायची, असे आकडे समोर येतात. ‘टाइम होरायझन’ अगदी कमी ठेवला, तर पात्रे अंगावर येईपर्यंत सरळ चालतात आणि शेवटच्या क्षणी वळतात. तो वाढवला, तर ती लांबूनच सावध होतात, पण दाटीत त्यांना वेग निवडायला जागाच उरत नाही आणि ती रेंगाळतात. शंभर, तीनशे आणि पाचशे पात्रे घेऊन, हा एक आकडा बदलत, सगळ्यांना घाट पार करायला किती वेळ लागतो आणि एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात याचा तक्ता केलात, तर तो तुमचा स्वतःचा निष्कर्ष असेल. पेपर वाचायचा, त्याची कल्पना कोडमध्ये कुठे आहे ते शोधायचे आणि आकडा हलवून पाहायचा, हे एकदा केल्यावर पेपरमधील समीकरणे वाचायला जड जात नाहीत.

गाईड सरांविषयी तुमच्या पत्रात थोडी नाराजी आहे आणि ती मी समजू शकतो. परंतु त्यांची बाजूही पाहा. एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, ‘यात नवीन काय?’ या प्रश्नाला तुमच्याबरोबर त्यांनाही सामोरे जायचे असते. तुम्ही ‘आम्हाला गेम करायचा आहे’ असे सांगितलेत, म्हणून त्यांना त्यात संशोधन दिसले नाही. ‘दाट गर्दीतील पात्रांची टक्कर टाळण्याच्या दोन रीतींची तुलना’ असे शीर्षक ठेवा, रेनॉल्ड्स यांची स्टिअरिंगची रीत आणि आरव्हीओ यांची एकाच घाटाच्या नकाशावर तुलना करा आणि तुमचा गेम हे त्या तुलनेचे प्रयोगस्थळ आहे असे सांगा. काम तेच राहील, पण ते कशाने मोजायचे हे सरांना कळेल.

पंधरा पेपर ही विभागाची अट असेल तर ती पाळावी. पण त्यांतील पाच-सहा तरी अथपासून इतिपर्यंत वाचावेत आणि प्रत्येकावर अर्धे पान लिहावे: त्यांचा प्रश्न कोणता, त्यांनी काय मोजले, कोणत्या नकाशावर आणि किती पात्रांवर मोजले, आणि काय सोडून दिले. या ‘काय सोडले’ रकान्यातूनच तुमचा ‘रिसर्च गॅप’ येतो. चॅटबॉटकडून संदर्भयादी मागवणार असाल, तर तीतील प्रत्येक पेपर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय अहवालात घेऊ नका, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले पेपर अगदी खऱ्यासारख्या शीर्षकांसह देतात. त्याचप्रमाणे, पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांतील पेपर बेस म्हणून घेऊ नका आणि स्वतःचाही पेपर तेथे देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून ही पारख ज्याची त्यालाच करावी लागते. चांगल्या पेपरमध्ये दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येईल इतका तपशील असतो. तो नसेल तर पुढचा पेपर घ्या.

घरच्यांनी सुचवलेला द्राक्षाचा विषय वाईट नाही, उलट नाशिकमध्ये तो फार गरजेचा आहे. पण सोपा म्हणून तो घेऊ नका. अशा प्रोजेक्टमध्ये ‘प्लँटव्हिलेज’ हा आयता चित्रसंग्रह हमखास वापरला जातो आणि त्यात द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का आणि लीफ ब्लाइट हे तीन रोग आहेत. आपल्या बागायतदारांची झोप उडवणारे डाऊनी आणि भुरी त्यात नाहीतच. तो विषय नीट करायचा तर पिंपळगाव-दिंडोरीच्या बागांत हिंडून छायाचित्रे घ्यावी लागतील. तेवढे कष्ट करण्याची ओढ तुम्हाला गर्दीच्या प्रश्नाविषयी आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते, तेव्हा तोच घ्या. पुण्यात गेमचे स्टुडिओ आहेत आणि नोकरीच्या वेळी तेथे जावे लागेलही, पण वाचनासाठी आणि या प्रोजेक्टसाठी फी भरून आज तेथे जाण्याची गरज मला दिसत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र आग्रहाने सांगतो. तुमचा गेम सिंहस्थाच्या पार्श्वभूमीवर आहे म्हणून अहवालात ‘कुंभमेळ्यातील गर्दी व्यवस्थापनासाठी उपयुक्त’ असे लिहिण्याचा मोह होईल, कदाचित तसे लिहा असा सल्लाही मिळेल. तो मोह टाळा. आरव्हीओसारख्या रीती माणसे एकमेकांना स्पर्श न करता चालतात असे धरूनच मांडलेल्या आहेत. चेंगराचेंगरी होते तेव्हा अंगाला अंग भिडलेले असते, धक्का एका शरीरातून दुसऱ्यात जातो आणि कोणालाही आपला वेग निवडण्याची मुभा उरत नाही. हेल्बिंग यांनी इलेश फार्कश आणि तमाश विचेक यांच्यासह २००० साली ‘नेचर’मध्ये अशा घबराटीच्या स्थितीचे जे मॉडेल मांडले, त्यात शरीरांमधील दाब आणि घर्षण वेगळे धरावे लागले, ते यामुळेच. २००३ च्या सिंहस्थात नाशिकने चेंगराचेंगरीत माणसे गमावलेली आहेत. या शहरात असा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. उलट ‘आमचे मॉडेल कोणत्या दाटीपर्यंत चालते आणि तेथून पुढे का चालत नाही’ हे तुम्ही दोन परिच्छेदांत लिहिलेत, तर तो तुमच्या अहवालातील सर्वांत भक्कम भाग ठरेल.

गेम प्रोग्रामिंगचा दुसरा एखादा प्रश्न घेऊन बसलेल्या वाचकांसाठीही रीत हीच आहे. वाट शोधण्यावर काम करणाऱ्यांनी नेथन स्टर्टेव्हंट यांच्या ‘मूव्हिंग एआय’ या संग्रहातील, प्रत्यक्ष गेममधून घेतलेले नकाशे वापरावेत, म्हणजे आपले आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. अनेकांनी एकत्र खेळायच्या गेमचे नेटवर्किंग करणाऱ्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या प्रोग्रामरांचा २००१ चा ‘१५०० आर्चर्स’ हा लेख आधी वाचावा, २८.८ किलोबिटच्या मोडेमवर पंधराशे तिरंदाज कसे चालवले, ते त्यात कारणांसह दिले आहे. चित्रणाच्या बाजूला असलेल्यांना सिग्राफमधील ‘अ‍ॅडव्हान्सेस इन रिअल-टाइम रेंडरिंग’ या अभ्यासवर्गाच्या २००६ पासूनच्या स्लाइड्स विनामूल्य मिळतात, आणि आपोआप तयार होणाऱ्या भूभागांवर काम करणाऱ्यांनी केन पर्लिन यांच्या १९८५ सालच्या पेपरपासून सुरुवात करावी.

सिनॉप्सिसची तारीख जवळ असणार, म्हणून सरांकडे जाण्यापूर्वी एवढेच करा. २००८ चा पेपर गटातील प्रत्येकाने वाचावा, गोडोमध्ये रिकाम्या मैदानावर समोरासमोरून येणारे पन्नास-पन्नास पात्रांचे दोन घोळके चालवून पाहावेत, आणि टक्कर टाळण्याची सोय बंद असताना आणि सुरू असताना काय होते याची अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची दोन चित्रणे लॅपटॉपवर तयार ठेवावीत. नवे शीर्षक, बेस पेपरची छापील प्रत आणि पहिल्या पाच पेपरांची अर्ध्या-अर्ध्या पानाची टिपणे सरांपुढे ठेवा, चित्रणे दाखवा, आणि उरलेले दहा पेपर कोणत्या दिशेने शोधावेत हे त्यांनाच विचारा.